शालीबरोबर गेलेली चावी

सांगलीचा माणूस हिंगोलीला गेला तर हळदीच्या कामाने जातो, नाहीतर औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनाला. मी वेदनेच्या कामाने गेलो होतो. परत आल्यापासून चार जणांना हे सांगितलं आणि चौघांनीही माझ्या कमरेकडे पाहिलं.

खुलासा करतो. तीसेक वर्षं मी सांगलीत औषधांचं दुकान चालवलं. दुकान विकल्यावर रिकामपणी एका मासिकात लेख लिहिला. आजार बरा होण्यासारखा नसला तरी माणसाचं दुखणं कमी करता येतं, आणि त्यासाठी खास शिकलेला औषधनिर्माता लागतो, असं त्यात म्हटलं होतं. लेख लिहीपर्यंत मी मॉर्फीनची गोळी हातातही घेतलेली नव्हती. आपल्याकडे विशेष अतिथी व्हायला एवढी पात्रता पुरते. हिंगोलीच्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याचं पत्र आलं. तिथे 'वेदनामुक्ती कक्षा'चं उद्घाटन होतं, आणि मी यावं अशी त्यांची नम्र विनंती होती.

रेल्वेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ती उशिरा निघाली आणि उशिरा पोचली, म्हणजे तिने शब्द पाळला.

पहिला दिवस: तांडा

स्टेशनवर सुरेखा ढोबळे आल्या होत्या. दवाखान्याच्या औषधनिर्मात्या. चाळिशीच्या आतबाहेर, सुती साडी, पायात पळायचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. दुखण्यावरच्या औषधांचं शिक्षण घ्यायला त्या केरळात काही महिने राहून आल्या होत्या. हिंगोलीत मात्र त्या 'मेडिकलवाल्या मॅडम' होत्या.

"सर, हार न्हाई आणला," त्या म्हणाल्या. "हार सचिवांकडं हायत, दुपारी घालतील. आंघोळीच्या आधी एका पेशंटला बघून येऊ. चालतंय ना?"

चालत नाही म्हणायची माझी छाती नव्हती. दवाखान्याची जुनी डिझेल जीप उभी होती. चालवायला गफूरभाई. दाढी पांढरी, आवाज जीपपेक्षा किंचित कमी.

कयाधू ओलांडून आम्ही कळमनुरीच्या रस्त्याला लागलो. फेब्रुवारी संपत आला होता. शेताशेतांत हळद उकडणं चाललं होतं, वाफेचे ढग जमिनीलगत तरंगत होते आणि उकडलेली हळकुंडं एकरभर पसरून वाळत होती. आम्हा सांगलीकरांची अशी समजूत असते की हळद सांगलीत उगवते. खरं तर सांगलीत ती विकली जाते. हे मी गफूरभाईंना प्रामाणिकपणे सांगितलं.

"तो फिर उगाते हम, और नाम आपका," ते म्हणाले. "चलो, कबूल तो किया किसी ने."

डांबरी रस्ता सोडून डोंगराकडेच्या तांड्यावर पोचलो. बंजाऱ्यांची पन्नासेक घरं. यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडले. आताचे लोक कापूस-सोयाबीन करतात आणि हिंडण्याचं काम मोटरसायकलींवर सोपवतात. टोकाच्या घराच्या ओसरीत बाजेवर गेमूबापू राठोड पडले होते. एके काळी ते तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, होते. कॅन्सर पाठीच्या मणक्यांत उतरला होता.

मला वाटलं, सुरेखाबाई आता हात हातात घेऊन काहीतरी हळुवार बोलतील. त्यांनी विचारलं, "बापू, संडासला झाली का?"

"झाली," बापू म्हणाले. "तुला दुसरं काही सुचत न्हाई का गं, पोरी? राजाला विचारल्यावानी रोज विचारते, अन् विचारते काय, तर हे!"

"ह्या गोळीनं पोट गच्च होतंय, बापू. म्हणून तर ते दुसरं पातळ औषध देलंय. दुखणं किती?"

"काल सा आणे. आज चार."

मी चक्रावलो. सुरेखाबाईंनी समजावलं. शिकताना त्यांना शून्य ते दहा अशी मोजणी शिकवली होती. पण इथे दहापैकी किती दुखतं म्हटलं की लोक गोंधळायचे. पिकाची आणेवारी मात्र प्रत्येकाला कळते. सोळा आणे म्हणजे भरगच्च. मग त्यांनी दुखण्याचीच आणेवारी काढायला सुरुवात केली. शासनाने केली असती तर तिच्यावर मोर्चा निघाला असता. इथे कुणाची तक्रार नव्हती.

बापूंच्या उशाशी डबीत गोळ्या होत्या. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यातून पंधरा दिवसांच्या मिळाल्या होत्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, आणि रात्री दहाला दोन एकदम, म्हणजे मधे उठावं लागत नाही. सुरेखाबाईंनी मोजल्या. उद्या दुपारी दोनपर्यंतच्या होत्या.

"उद्या सहाच्या आत मी नवीन घेऊन येते," त्या म्हणाल्या. "आता आपल्याच कपाटातून मिळतील. नांदेडला जायला नगं."

बापूंनी मान त्यांच्याकडे वळवली. तेवढ्यालाही त्यांना वेळ लागला.

"मागं दीड दिवस गोळी न्हवती," ते म्हणाले. "ध्यानात हाय ना? दुखणं घरात राहायला आलं की माणूस निभावून नेतो. पण ते जातं अन् परत येतं ना, तवा बायको-लेकरं घेऊन येतं. पुन्यांदा तसं झालं तर गोळी बंद. तुझी बी नको अन् नांदेडची बी नको."

त्यांची बायको सोनाबाई दारात उभी होती. तिला सगळा तांडा 'याडी' म्हणजे आई म्हणे. ती पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ते म्हनले की करतेत, मॅडम. त्या दीड दिसात भिताडाला डोकं आपटलं त्यायनी."

"याडी, उद्या सहाच्या आत," सुरेखाबाई पुन्हा म्हणाल्या.

पहिला दिवस: सोहळा

दवाखान्याच्या आवारात मांडव होता आणि मांडवाबाहेर फलक होता. फलकावर 'भव्य वेदनामुक्ती सोहळा' असं लिहिलं होतं, आणि खाली प्रमुख पाहुण्यांचा, म्हणजे इथल्या एका पुढाऱ्यांचा, हसरा फोटो. इतक्या समाधानी माणसाला वेदनेबद्दल काय ठाऊक असणार, असा विचार मनात आला. पण फलकावर तिसऱ्या ओळीत माझंही नाव होतं, तेव्हा तो मी गिळला.

सोहळ्याचं मूळ कारण एक लोखंडी कपाट होतं. मॉर्फीन ठेवायचं तर परवानगी लागते आणि कुलूपबंद कपाट लागतं. या कपाटाला बाहेर एक दार, आत दुसरं. बाहेरची चावी डॉक्टरांकडे, आतली सुरेखाबाईंकडे. गोळ्या आठ दिवसांपूर्वी आल्या होत्या आणि आत ठेवल्या होत्या. मग दवाखान्याचे सचिव मुरलीधरराव यांनी कपाटाला लाल फीत बांधली आणि उद्घाटनापर्यंत हात लावायचा नाही असं जाहीर केलं. "आधीच उघडलं तर उद्घाटन कशाचं करायचं?" हा त्यांचा प्रश्न होता.

पाहुणे अडीच तास उशिरा आले. दुखणाऱ्या रुग्णांना सोहळ्याची शोभा म्हणून पहिल्या रांगेत बसवलं होतं. मांडवात वेदना होती ती तेवढीच. मग दीपप्रज्वलन झालं, कपाटापुढे नारळ फुटला आणि सत्कार सुरू झाले. मंडपवाल्याचा झाला, ध्वनिक्षेपकवाल्याचा झाला, माझा झाला. कपाट ज्यांनी आपल्या डोक्यावरून आत आणलं त्या दोघांचाही झाला, ही गोष्ट मला आवडली. सुरेखाबाईंचं नाव यादीत नव्हतं. त्या खांबाला टेकून घड्याळ बघत होत्या.

पाहुण्यांनी आपल्या गुडघेदुखीवर पाऊण तास भाषण केलं. अखेरीस 'चावीप्रदान' होतं. त्यासाठी पुठ्ठ्याची हातभर लांबीची सोनेरी चावी करायला टाकली होती, ती आली नव्हती. मुरलीधरराव डगमगले नाहीत. सुरेखाबाईंकडून त्यांनी "दोन मिनिटांपुरती" आतल्या दाराची खरी चावी मागून घेतली, तिला फीत बांधली, फीत शालीच्या गोंड्यांना गाठवली आणि शाल पाहुण्यांच्या खांद्यावर घातली. पाहुण्यांनी ती चावी औषधनिर्मात्या बाईंना परत द्यायची, असं ठरलं होतं. पण बाईंचं नाव यादीत नसल्याने त्यांना कुणी मंचावर पुकारलंच नाही. राष्ट्रगीत झालं. पाहुणे गाडीत बसले. शाल गेली, आणि शालीला लोंबत चावीही गेली.

गर्दी ओसरल्यावर सुरेखाबाईंनी हात पुढे केला. "सचिवसाहेब, चावी."

मुरलीधररावांनी आपले खिसे चाचपले, मग माझ्याकडे पाहिलं. अतिथीने काहीतरी करावं अशी त्यांची अपेक्षा दिसली.

"चावी सुरक्षित हातांत आहे," ते शेवटी म्हणाले.

"दुसरी चावी?"

"ती तर फारच सुरक्षित आहे. मी स्वतः ठेवली."

"कुठं?"

"कपाटात."

"आतल्या दाराच्या आत?"

"मॅडम, त्याच्याइतकी सुरक्षित जागा या दवाखान्यात आहे का दुसरी?"

कुलूप तोडू या, असं मी सुचवलं. मुरलीधरराव पांढरे पडले. तोडलं की पंचनामा, पंचनामा झाला की चौकशी, चौकशी झाली की परवानगी जाणार, आणि परवानगी गेली की आजचा सोहळा वाया, हे त्यांनी एका दमात सांगितलं. कुलूपवाल्याला सुरेखाबाईंचाच नकार होता. "हे कपाट चावीबिगर उघडतं हे सगळ्या हिंगोलीला कळून चालंल का, सर?" पाहुण्यांचा फोन त्यांच्या स्वीय सहायकाकडे असे, आणि सहायकाचा फोन बंद होता. नांदेडला या गोळ्या आठवड्यातून एकाच वारी मिळत, आणि तो वार होऊन गेला होता.

"उद्या सहा," सुरेखाबाई म्हणाल्या. मला उद्देशून नव्हे. बंद कपाटाला उद्देशून.

दुसरा दिवस: कळमनुरी

सकाळी नऊला सहायकाने फोन उचलला. तो कळमनुरीत होता. बाजाराचा दिवस. रस्त्यावर मिरच्यांचे ढीग, शेळ्या आणि त्यांच्यातून आडवा होऊन चाललेला एक सोफा. बबनराव सहायक हॉटेलात पोहे खात होते.

"शाल? मॅडम, साहेबांच्या काल पाच ठिकाणी शाली झाल्या. आमच्या गाडीत शाल मुक्कामाला राहत न्हाई. एका गावात आली की दुसऱ्या गावात जाते."

"म्हंजे तुमी ती देऊन टाकली?"

"मंग काय साहेबांनी पाच शाली पांघरून झोपावं? एवढं ऊन पडून राहिलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडं काय करतात, सर?"

खरं सांगायचं तर आमच्याकडेही हेच करतात; फक्त सहा महिने कपाटात ठेवून मग देतात, म्हणजे माणसाला अपराधी वाटत नाही. इथे तो मधला काळ त्यांनी काढून टाकला होता. मला ते जास्त प्रामाणिक वाटलं.

"लाल फीतवाली, चावीवाली कुठं गेली?" सुरेखाबाईंनी विचारलं.

"हां, ती! ती इथंच संध्याकाळी कुरुंद्याच्या गुरुजींना घातली. रिटायर झाले त्यायचा कार्यक्रम होता."

"चावी दिसली न्हाई तुमाला?"

"दिसली म्हणून तर दिली. नुसत्या शालीपरीस बरी वाटली. भरल्यावानी."

गफूरभाईंनी जीप सुरू केली. "साब, ये शाल नहीं, एसटी है," ते म्हणाले. "हर स्टॉप पे सवारी बदलती है."

दुसरा दिवस: कुरुंदा

गुरुजींच्या अंगणात हळद वाळत होती. आम्ही तिच्यावरून उड्या मारत ओसरीवर पोचलो. साडेअकरा झाले होते. गुरुजींनी आमचं काम ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पाट मांडायला सांगितले.

"गुरुजी, येळ न्हाई," सुरेखाबाई म्हणाल्या.

"जेवल्याबिगर शाल सापडली तरी तुमाला दिसायची न्हाई," गुरुजी म्हणाले. "बसा."

येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचं आणि मसाल्याचं पीठ; चमचाभर पाण्यात सोडलं की दहा पाहुण्यांची आमटी होते. सांगलीत आम्ही पाहुणा आला की हॉटेलात नेतो आणि त्याला आदरातिथ्य म्हणतो. मी तीन वाट्या घेतल्या. सुरेखाबाईंनी भाकरी हातात घडी घालून उभ्यानेच खाल्ली.

"शाल ओळखली मी," गुरुजी सांगू लागले. "माझी पद्धत हाय. कोणी शाल देली की कोपऱ्यात बॉलपेनानं त्याचं नाव लिहून ठेवायचं. म्हंजे फिरून त्यालाच घालायचा परसंग येत न्हाई. काल घरी येऊन ह्या शालीचा कोपरा बघितला, तर अक्षर माझंच! चार वर्सामागं मी एका साहेबाला घातलेली. चार वर्सं हिंडली अन् घरी आली. ओळखीचं माणूस भेटल्यावानी वाटलं."

"मंग ठेवली का?"

"ठेवतो कशाला? एकदा हिंडायची सवय लागली तिला. आज सकाळी चंद्रभागाबाईला देली. आमची हळद काढणाऱ्या बायांची ती मुकादम. हळद निघाली की आमच्या घरी तिचा मान असतो."

"चावीसुदा?"

यावर आतून गुरुजींच्या मंडळी बाहेर आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "चावी मीच बगितली की! म्हनलं, अगं चंद्रभागा, ही तर घरकुलाची. साहेब लोक अशाच लाल फितीच्या चाव्या वाटत असतेत, फोटोत येतंय की. तिचं नाव यादीत हायच, पाळी यायची होती. म्हनलं, बाई, तुझी पाळी आली बघ शालीतून! रडली वो बिचारी."

मी वाटी खाली ठेवली.

"कुठं हायत त्या?" सुरेखाबाईंनी हळू विचारलं.

"घर हुडकायला गेली."

गावाबाहेर माळावर नवीन घरकुलांची एक रांग होती. काहींत माणसं राहायला आली होती, काही कुलूपबंद होती. एका कुलपापाशी दहा-बारा माणसं गोळा झाली होती. मधोमध साठीची एक बारीक, ताठ बाई भर उन्हात शाल पांघरून उभी होती आणि चावी फिरवत होती.

"उलटी फिरव, मावशे," एक जण सल्ला देत होता.

"तेल सोडा, तेल," दुसरा.

"तुमी गप ऱ्हा रे. सात झाली, हे आठवं. ह्यात नसंल तर पलीकडच्यात आसंल."

एरवी सुरेखाबाई शब्दांना अडत नाहीत. इथे त्या अडल्या. शेवटी त्यांनी चंद्रभागाबाईंना बाजूला नेलं आणि काहीही न गाळता सांगितलं. कपाट, पुठ्ठ्याची चावी, राष्ट्रगीत, सगळं. मी अतिथी म्हणून मागे उभा होतो. विशेष अतिथीने अशा वेळी कुठे बघायचं असतं हे कुणी शिकवत नाही.

चंद्रभागाबाईंनी ऐकून घेतलं. त्यांनी चावीकडे पाहिलं, मग आठव्या दाराकडे.

"म्हंजे घर न्हाई."

"न्हाई, मावशी. तुमचं नाव यादीत हाय, तुमची पाळी येईल. पण ही चावी त्याची न्हाई."

"अन् साहेबानं देली ती?"

"साहेबांना बी ठाऊक न्हवतं, कशाची हाय ते."

"मंग काहून देतेत, ठाऊक नसंल तर?" त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी शिकलेले दिसता. काहून देतेत?"

मी तीस वर्षं काउंटरपलीकडे उभा राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. या वेळी मी सुरेखाबाईंकडे बघितलं.

"कपाटात काय हाय?" त्यांनी सुरेखाबाईंना विचारलं.

"दुखण्याच्या गोळ्या. तांड्यावर एक म्हातारा हाय. त्याच्या दोन वाजता संपत्यात. सहाला पायजेत."

चंद्रभागाबाईंनी सूर्याकडे पाहिलं. मग फितीची गाठ दाताने सोडली आणि चावी मुठीत धरली.

"देते. पण मी येनार संगं. सकाळपसून आठ कुलपं बगितली. ही कुठंतरी लागती का न्हाई, ते मला डोळ्यानं बगायचंय."

दुसरा दिवस: कपाट

वाटेत दोन वाजले. सुरेखाबाईंनी घड्याळ बघितलं. गफूरभाईंनी खड्डे चुकवायचं सोडून दिलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. डॉक्टर धावत आले. आपली चावी कुणाच्याही सत्कारात जाऊ नये म्हणून त्यांनी ती करगोट्यात ओवून कमरेला बांधली होती, आणि ती सोडवायला त्यांना भिंतीकडे तोंड करावं लागलं. मुरलीधरराव आदल्या दिवशीचा हार घेऊन आले.

"आता उघडतोच आहोत, तर मॅडमना घालून घेऊ. एक फोटो—"

"सचिवसाहेब," सुरेखाबाई म्हणाल्या, "बाजूला व्हा."

ते बाजूला झाले. हार त्यांच्याच हातात राहिला आणि बराच वेळ त्यांना तो कुठे ठेवावा ते सुचलं नाही.

डॉक्टरांनी बाहेरचं दार उघडलं. चंद्रभागाबाईंनी चावी सुरेखाबाईंच्या तळहातावर ठेवली, पण नजर कुलपावरून हलवली नाही. चावी आत गेली, फिरली, कट्ट आवाज झाला.

"लागली!" चंद्रभागाबाई ओरडल्या. रांगेत बसलेल्या रुग्णांनी माना वर केल्या. "लागली बगा! म्हंजे चावी खोटी न्हवती." मग त्यांनी आत डोकावलं. "एवढूशा गोळ्या? ह्यांच्यापायी दोन दारं?"

डॉक्टरांनी कागद लिहून तयार ठेवला होता. सुरेखाबाईंनी गोळ्या दोनदा मोजल्या, नोंद केली, दारं लावली. चावी त्यांनी कुठे ठेवली ते मी मुद्दाम पाहिलं नाही. चंद्रभागाबाई न विचारता जीपमध्ये जाऊन बसल्या होत्या.

दुसरा दिवस: पुन्हा तांडा

सहा वाजून वीस मिनिटांनी पोचलो. आवाज आधी ऐकू आला. तो ओरडण्याचा नव्हता, कण्हण्याचाही नव्हता. जात्यात खडा अडकल्यावर येतो तसा, दात दातांवर घासल्याचा. गेमूबापू भिंतीकडे तोंड करून होते.

"बापू, आणल्या," सुरेखाबाई गुडघ्यावर बसल्या. "येळ झाला. माझी चूक हाय."

"किती वाजले?"

"सहा वीस."

"किती वाजता येनार होती?"

"सहाच्या आत."

"मंग जा."

सोनाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. बापूंनी डोळेही उघडले नाहीत. सुरेखाबाईंनी गोळी हातात धरली होती. डॉक्टर दवाखान्यात होते, गफूरभाई पायरीवर डोकं धरून बसले होते.

चंद्रभागाबाई बाजेच्या कडेला जाऊन बसल्या. अंगावर शाल तशीच.

"नाईक, तुमी मला वळखत न्हाई. मी कुरुंद्याची. तुमची गोळी ज्या कपाटात होती, त्याची चावी माझ्याकडं होती."

बापूंचे दात तसेच घासत होते.

"मला वाटलं, माझ्या घराची हाय. साहेबानं देली म्हनून सांगितलं मला. सकाळपसून आठ घरांची कुलपं उघडायचा परयत्न केला. सारं गाव बगाया जमलं होतं."

भिंतीकडूनच प्रश्न आला. "एक बी उघडलं न्हाई?"

"एक बी न्हाई. सातव्याला वाटलं, लागती म्हनून. जरा फिरली. पन न्हाई."

"मंग?"

"मंग काय. फकस्त तुमच्या गोळीला लागली. अन् तुमी म्हनता, खात न्हाई. म्हंजे दिसभर उन्हात मी फुकट हिंडले? घर तर घर गेलं, अन् वरून हे बी गेलं?"

दात घासायचा आवाज थांबला. बापूंनी मोठ्या कष्टाने मान वळवली आणि त्या बाईकडे पाहिलं. शालीकडे, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याकडे.

"कोन साहेब?" त्यांनी विचारलं.

चंद्रभागाबाईंनी नाव सांगितलं. त्यावर बापू त्यांच्या भाषेत काहीतरी बोलले. सोनाबाईने तोंडावर पदर घेतला. गफूरभाईंना पायरीवर ठसका लागला. त्याचं भाषांतर मला कुणीही करून दिलं नाही. पण ते बोलायला बापूंनी तोंड उघडलं होतं, आणि ते मिटायच्या आत सुरेखाबाईंनी गोळी जिभेवर ठेवली.

बापूंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग गिळली.

आम्ही वाट पाहत बसलो. चहा आला. सुरेखाबाई सोनाबाईला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, दहाला दोन गोळ्या एकदम, आणि पातळ औषध विसरायचं नाही. पाऊण तास गेला असेल. अंधारू लागलं होतं. अचानक सोनाबाई उठली, बाजेजवळ गेली आणि तिने हंबरडा फोडला.

शेजारच्या घरांतून माणसं धावली. बापू निश्चल पडले होते. चेहरा सैल, हात उघडा. कोणीतरी टोपी काढली. "त्या गोळीनंच," कोणीतरी म्हणालं. सुरेखाबाई गर्दीतून आत घुसल्या, वाकल्या, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"याडी," त्या म्हणाल्या. "घोरून राहिले बापू."

कुणाचा विश्वास बसेना. मग सगळे गप्प झाले आणि तेव्हा ते ऐकू आलं, बारीक, एकसारखं, मधूनच अडखळणारं घोरणं. तांड्यावरची तीस-चाळीस माणसं श्वास धरून ते ऐकत उभी होती. कीर्तनालाही लोक इतके शांत नसतात.

सोनाबाईने डोळे पुसले आणि दुसऱ्याच क्षणी तिचं रूप बदललं. ती गर्दीवर तुटून पडली, पण कुजबुजत. "चला, व्हा घरला! कुत्र्याला बांधा कोनीतरी. ए, टीव्ही बंद कर! आत्ता कुठं डोळा लागलाय."

आम्ही चोरपावलांनी जीपकडे गेलो. गफूरभाई चढून बसले आणि त्यांनी चावीला हात घातला. सोनाबाईने खिडकीतून तो हात धरला.

"सुरू करू नगा."

"याडी, चालू किये बगैर जीप जाएगी कैसे?"

"ह्यो आवाज तिथवर जातो. ढकला."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सुरेखाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पिशवी आत टाकली आणि पदर खोचला. वाट थोडी चढाचीच होती. मागे तांड्यातली दहा-बारा माणसं लागली, एका बाजूला सुरेखाबाई, दुसऱ्या बाजूला चंद्रभागाबाई, आणि त्यांच्या मधे मी. स्टिअरिंगवर गफूरभाई. कुणी हूं की चूं करत नव्हतं. दवाखान्याचं नाव रंगवलेली ती अवजड जीप आम्ही अंधारातून एखादं मूल उचलून न्यावं तशी नेत होतो.

शंभर पावलांवर गफूरभाईंनी मान बाहेर काढून हळूच विचारलं, "अब लगाऊँ?"

सोनाबाई आमच्याबरोबर चालत आली होती. ती थांबली. मागे वळून तिने कान दिला.

"न्हाई," ती म्हणाली. "आनखी थोडं म्होरं."

आम्ही पुन्हा खांदे लावले.